ग्रेस हॉपर : नौदलातील गणितज्ञ

वैद्यकीय तपासणीच्या दिवशी वजनकाट्यावर उभे राहताना मला नेहमी धाकधूक वाटते. म्हणूनच ग्रेस हॉपर यांचे चरित्र मला जवळचे वाटले.

त्यांचा जन्म १९०६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाला. येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. मिळवून त्या व्हॅसार कॉलेजात शिकवत होत्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन नौदलात जायचे ठरवले. पण वय जास्त आणि वजन सुमारे ७ किलो कमी! खास सवलत मिळवून १९४३ मध्ये त्या राखीव दलात दाखल झाल्या आणि प्रशिक्षणात पहिल्या आल्या.

नेमणूक मिळाली ती जहाजावर नव्हे, तर हार्वर्डमधील सुमारे १६ मीटर लांबीच्या मार्क-१ या संगणकावर. पुढे १९५२ मध्ये त्यांनी कंपायलर तयार केला. संगणकाला इंग्रजी शब्दांत आज्ञा देता येतील, हे अनेकांना पटत नव्हते. त्यांनी फ्लो-मॅटिक भाषा करून ते सिद्ध केले. १९५९ मध्ये आखलेली कोबोल भाषा बरीचशी त्याच पायावर उभी राहिली.

१९६६ मध्ये त्या निवृत्त झाल्या. पुढच्याच वर्षी नौदलाने त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावले. ते सहा महिने १९८६ पर्यंत लांबले! ७९व्या वर्षी त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या एका विनाशिकेला त्यांचे नाव दिले आहे.

पुढच्या तपासणीत माझे वजन किती भरेल, कोण जाणे! गणिताच्या तासाला मात्र मी आता पहिल्या बाकावर बसतो.