अबू युसूफ : जकातीचा हिशेब मांडणारा न्यायाधीश

मराठी माणसाला 'जकात' म्हटले की नाका आठवतो. मुंबईतील जकातनाके २०१७ मध्ये बंद झाले. मात्र हा शब्द जिथून आला ती इस्लाममधील जकात म्हणजे वेशीवरची वसुली नव्हे, तर श्रीमंताच्या संपत्तीतील गरिबाचा हक्क. शासनाने तो कसा सांभाळावा, याचे नियम लिहून ठेवणाऱ्यांत इमाम अबू युसूफ यांचे नाव अग्रभागी आहे.

याकूब इब्न इब्राहीम हे त्यांचे मूळ नाव. जन्म इ. स. ७३१ च्या सुमारास, इराकमधील कूफा येथे. घरची गरिबी एवढी की, शिक्षण सुटण्याची वेळ आली तेव्हा गुरू अबू हनिफा यांनीच खर्चाचा भार उचलला, असे चरित्रकार सांगतात. तरीही शिष्य मतभेद नोंदविण्यास कचरला नाही. शेतमालावरील दशमांश थोड्याशा पिकावर, अगदी भाजीपाल्यावरही द्यावा, असे गुरूंचे मत होते. अबू युसूफ यांनी मात्र टिकाऊ पीक पाच वसक, म्हणजे सुमारे पाच उंटांचे ओझे भरल्यावरच तो लागू मानला. लहान शेतकरी त्यातून आपोआप सुटला.

पुढे ते बगदादमध्ये खलिफा हारून अल रशीद यांचे मुख्य न्यायाधीश झाले. खलिफांच्या सूचनेवरून त्यांनी 'किताब-उल-खराज' हा ग्रंथ लिहिला. जकातीचा पैसा जमीनमहसुलात मिसळू नये, वसुलीसाठी वेगळे, सचोटीचे अधिकारी नेमावेत आणि ज्या गावातून पैसा आला तेथील गरिबांवरच तो खर्च व्हावा, असे त्यांनी त्यात बजावले. एक हिस्सा त्यांनी रस्तेदुरुस्तीसाठीही सुचविला. साम्राज्याच्या धन्याला त्याच्याच खजिन्याची मर्यादा दाखविणे, हे धाडसच होते.

त्यांच्या चरित्राला एक डागही चिकटला आहे. वर्ष संपताना संपत्ती पत्नीच्या नावे करून ते जकात चुकवीत, अशी कथा इमाम गझाली यांनी नोंदविली. ती खरी की रचलेली, यावर एकमत नाही. परंतु अशी पळवाट त्यांनी कायद्याने वैध मानली होती आणि त्यांचेच सहाध्यायी मुहम्मद शैबानी यांना ती निंद्य वाटली, हे हनफी ग्रंथांत नमूद आहे.

इ. स. ७९८ मध्ये बगदादमध्ये त्यांचे निधन झाले. हा पैसा शासनाच्या हाती द्यावा का, हा प्रश्न मात्र मिटला नाही. पाकिस्तानने १९८० मध्ये बँकांतील ठेवींतून जकात कापण्याचा कायदा केला, तेव्हा शियापंथीय रस्त्यावर उतरले आणि सरकारला त्यांना सूट द्यावी लागली.