कै. मास्टर विनायक आणि ‘धर्मवीर’

या स्मरणिकेतून आम्ही दरवर्षी समाजातील दात्यांची व पुढाऱ्यांची चरित्रे देत असतो. यंदा भूमच्या वाचकांपुढे एका नटाचे व दिग्दर्शकाचे चरित्र ठेवीत आहो. आमच्या या गौरवाच्या पानांनाच त्यांनी आरसा दाखविला, हे त्याचे कारण होय.

विनायक दामोदर कर्नाटकी यांचा जन्म १९ जानेवारी १९०६ रोजी कोल्हापुरात झाला. १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’ या प्रभातच्या बोलपटात त्यांनी भूमिका केली. १९३५ साली ‘विलासी ईश्वर’ दिग्दर्शित केला. पुढल्याच वर्षी बाबूराव पेंढारकर व छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह त्यांनी ‘हंस पिक्चर्स’ स्थापिली.

१९३७ साली हंसचा ‘धर्मवीर’ पडद्यावर आला. त्याची कथा आचार्य अत्रे यांनी नॉर्वेचे नाटककार इब्सेन यांच्या १८७७ सालच्या नाटकावरून रचिली होती. समाजाचे आधारस्तंभ असा त्या नाटकाच्या नावाचा अर्थ. त्यातील जहाजमालक गावात पूज्य मानला जातो. परंतु त्याची प्रतिष्ठा एका जुन्या असत्यावर उभी असते. आपल्या दोषाचा डाग त्याने दुसऱ्याच्या माथी राहू दिलेला असतो. अखेरीस, गाव सत्कारास जमले असता, तो स्वमुखाने सत्य सांगतो. परक्या भूमीतील हे नाटक मराठी वेषात आले, तेव्हा ते परके राहिले नाही; कारण दांभिकतेला देश नसतो.

पुढे ‘ब्रह्मचारी’ (१९३८) व ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) या अत्र्यांच्याच कथांवरील बोलपटांनी विनायकरावांनी महाराष्ट्रास पोट धरून हसविले. ते हसू निव्वळ करमणुकीचे नव्हते. ढोंगावर त्यात नेमका प्रहार होता.

स्वातंत्र्याला चार दिवस होतात न होतात तोच, १९ ऑगस्ट १९४७ रोजी, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी ते निवर्तले. आमचे भूम तेव्हा निजामाच्या अमलाखाली होते. आमची मुक्तता सप्टेंबर १९४८ मध्ये झाली. राज्य पालटले, परंतु ढोंगापासूनची मुक्तता ज्याची त्यानेच मिळवावयाची असते.

म्हणून आमची ज्ञातिबांधवांस नम्र विनंती आहे : सत्काराचा हार गळ्यात पडताना प्रत्येकाने, आम्हीही, आपल्या मनाची वही एकदा उघडून पाहावी. विनायकरावांना हीच खरी श्रद्धांजली ठरेल.