प्राध्यापक गज्जरांचा वारसा

थळच्या खतकारखान्यापासून रोहे आणि महाडच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत रायगड जिल्ह्याने रसायन-उद्योगाला जमीन दिली, पाणी दिले, मनुष्यबळ दिले. त्यामानाने फार थोडे दिले ते कारखानदार. येथील विज्ञानाचा पदवीधर कारखान्याच्या दाराशी जातो तो बहुधा नोकरीचा अर्ज घेऊन. लोणेरे येथे १९८९ साली तंत्रशास्त्र विद्यापीठ उभे राहिले, महाविद्यालयेही वाढली. अलीकडे विद्यार्थ्यांना उद्योजक बनविण्याची भाषा सर्वत्र ऐकू येते. ही भाषा नवी असली तरी प्रयोग नवा नव्हे, याचे स्मरण करून देण्यासाठी प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचे चरित्र पुन्हा पाहिले पाहिजे.

गज्जरांचा जन्म १८६३ साली सुरतेस एका सुतार घराण्यात झाला. वडील वास्तुविद्येचे जाणकार होते. हत्यार आणि हिशेब या दोहोंचा परिचय मुलाला घरीच झाला. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा कॉलेजात प्राध्यापक झाले. त्या काळी विद्यापीठीय पदवी म्हणजे सरकारी कचेरीचा परवाना असे समीकरण होते. कारागिराजवळ कौशल्य होते पण शास्त्र नव्हते, आणि पदवीधराजवळ शास्त्र होते पण हातात कौशल्य नव्हते. हा दुरावा मिटल्याखेरीज देशी उद्योग परकीय मालापुढे टिकणार नाही, हे गज्जरांनी अचूक ओळखले.

त्यांच्या विचाराला महाराजा सयाजीराव गायकवाडांचा आश्रय लाभला आणि १८९० साली बडोद्यास कलाभवन सुरू झाले. रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला अशा विषयांचे शिक्षण तेथे मिळू लागले. शास्त्र सामान्य कारागिरापर्यंत पोहोचवायचे तर ते त्याच्या भाषेतून पोहोचविले पाहिजे, हा गज्जरांचा आग्रह होता, आणि म्हणून शास्त्रीय परिभाषा व पुस्तके देशी भाषांत तयार करण्याच्या कामासही त्यांनी हात घातला. भारतीय चित्रपट-उद्योगाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी होते, एवढे सांगितले तरी त्या संस्थेचे मोल कळते.

गज्जर १८९६ च्या सुमारास बडोदे सोडून मुंबईस आले आणि विल्सन कॉलेजात शिकवू लागले. त्याच वर्षी चापेकर बंधूंनी मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास डांबर फासले होते. इतरांना न निघालेला तो डाग गज्जरांनी काढला, आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. डांबर फासणाऱ्यांची देशभक्ती आणि डाग काढणाऱ्याचे शास्त्र यांत विरोध पाहणे सोपे आहे. परंतु परक्या तज्ज्ञाविना हे काम एका देशी प्राध्यापकाने केले, याचाही त्या काळच्या मनावर परिणाम झालाच असला पाहिजे. पुढे काळवंडलेले मोती उजळण्याची रीत त्यांनी शोधून काढली व तीतून त्यांना मोठी प्राप्ती झाली.

या ख्यातीच्या आणि प्राप्तीच्या काळात, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, त्यांनी मुंबईत टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी उभारली. येथे विद्यार्थी केवळ परीक्षेसाठी प्रयोग करीत नसत. बाजारात खपेल असा पदार्थ कसा तयार होतो, हे ते पाहत. त्यांचे शिष्य कोटीभास्कर यांनी परळला लहानसा कारखाना चालविला. भाईलाल अमीन हे दुसरे शिष्य त्यात आले. या खटपटीतून १९०७ साली अलेंबिक केमिकल वर्क्स ही कंपनी निघाली व पुढे बडोद्यास वाढून देशातील औषधनिर्मितीच्या अग्रणी कारखान्यांत गणली गेली. गज्जर १९२० साली निवर्तले, परंतु त्यांच्या प्रयोगशाळेतून निघालेली परंपरा त्यांच्या मागे चालत राहिली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या चरित्राचा अर्थ स्पष्ट आहे. तरुण पदवीधराच्या पहिल्या प्रयोगाला बँक कर्ज देत नाही, कारण त्याच्याजवळ तारण नसते. घरचे लोक पैसे देत नाहीत, कारण ते त्यांच्याजवळ नसतात. पहिले अपयश सोसण्याची ताकद असलेला पैसा एकच, तो म्हणजे व्याज आणि परतफेड न मागणारे दान. सयाजीरावांनी असा पैसा राज्याच्या खजिन्यातून दिला, गज्जरांनी तो स्वतःच्या मिळकतीतून घातला. तळेगावच्या काच कारखान्यामागे तर पैसा फंडाच्या रूपाने सामान्य माणसाचा एकेक पैसा उभा होता.

आपल्याकडे दात्यांची वाण नाही. वाण आहे ती दानाच्या योग्य वाटेची. इमारतीवर नाव कोरण्यासाठी मिळणारी देणगी प्रयोगशाळेतील उपकरणांसाठी आणि विद्यार्थ्याच्या फसलेल्या प्रयोगासाठी मिळत नाही. त्यातही केवळ पैसा पुरेसा नाही, हे गज्जरांचे उदाहरण सांगते. कोटीभास्कर आणि अमीन यांना भांडवलाच्या आधी गुरू मिळाला होता, आणि तो स्वतः बाजारात उतरून शिकलेला होता. आजचा प्राध्यापक कारखान्यापासून तितकाच दूर आहे जितका विद्यार्थी.

म्हणून विद्यापीठाने तीन गोष्टी कराव्यात. दानातून एक कायम निधी उभारावा. त्याचा विनियोग दात्याच्या मर्जीवर न ठेवता जाणकारांच्या समितीकडे सोपवावा. आणि रोह्या-महाडच्या कारखान्यांतील अनुभवी तंत्रज्ञांना वर्गात आणावे. निधीतून उभ्या राहिलेल्या पहिल्या पिढीने पुढच्या पिढीसाठी त्यात भर घालावी, एवढी नैतिक अट पुरेशी आहे. एका राजाच्या आश्रयाने जे घडले ते अनेकांच्या वर्गणीने घडविणे, हेच लोकशाहीतील शिक्षणसंस्थांचे काम होय. ते झाले नाही, तर आपल्या मुलांच्या हाती अर्जच राहतील आणि कारखाने दुसऱ्यांचे राहतील.