रोझेलच्या मावशी

आपल्या सोसायटीत आपण राहायला आलो तेव्हा जी पोरं खाली पार्किंगमध्ये क्रिकेट खेळून काचा फोडत होती, त्यातली बरीच आज परदेशात आहेत. कुणी जर्मनीत, कुणी अमेरिकेत, कुणी ऑस्ट्रेलियात. लिफ्टमध्ये आयांची गाठ पडली की फी, व्हिसा, मार्क हे विषय नंतर येतात. पहिला प्रश्न ठरलेला. राहते कुणाकडे, आणि जेवते ना नीट?

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिहा, असं कमिटीनं सांगितलं तेव्हा मला म्हणून डॉक्टर आनंदीबाई जोशीच आठवल्या. पहिल्या मराठी स्त्री डॉक्टर म्हणून त्या सगळ्यांना माहीत आहेत. पुस्तकं आहेत, नाटक झालं, २०१९ साली सिनेमाही आला. पण अठरा वर्षांची ही मुलगी तिकडे राहिली कुणाकडे, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मला विचाराल तर तीच खरी सांगण्यासारखी आहे.

आनंदीचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचं, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, टपाल खात्यात नोकरीला, बिजवर, वयानं जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. माणूस विक्षिप्त. त्या काळी बायकोनं पुस्तक हातात घेतलं म्हणून नवरे मारत, हे गृहस्थ पुस्तक खाली ठेवलं म्हणून मारत. चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचं तिनं त्यानंतर मनात घेतलं.

गोपाळरावांनी अमेरिकेतल्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं की बायकोला तिकडे शिकवायचं आहे, मदत करा. मदत मिळाली नाही, पण ते पत्र तिथल्या एका मिशनरी मासिकात छापून आलं. पुढचा योगायोग एखाद्या कादंबरीत वाचला तर आपण म्हणू, लेखकानं जरा जास्तच केलं. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. वेळ जाईना म्हणून तिथं पडलेलं जुनं मासिक त्यांनी चाळलं आणि हे पत्र त्यांच्या नजरेला पडलं. ही १८८० ची गोष्ट. बाईंनी घरी जाऊन थेट आनंदीलाच पत्र घातलं. ओळख नाही, पाळख नाही, हिंदुस्थान कधी पाहिलेला नाही.

तीन वर्षं दोघींची पत्रं चालली. इकडच्या चालीरीती, सण, बालविवाह, सगळं त्यात असे. आनंदीची प्रकृती तेव्हापासूनच नरम, सारखं डोकं दुखायचं, ताप यायचा. कार्पेंटरबाईंनी तिकडून औषधंसुद्धा पाठवली. आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली होती. मग ठरलं की आनंदीनं एकटीनंच जायचं आणि मावशींच्या घरी उतरायचं. गोपाळराव तेव्हा बंगालमध्ये श्रीरामपूरला होते. जायच्या आधी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, तिथल्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीनं इंग्रजीत भाषण केलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार.

७ एप्रिल १८८३ ला बोट कलकत्त्याहून निघाली, ४ जूनला ती न्यूयॉर्कला उतरली. दोन महिन्यांचा प्रवास, सोबतीला मिशनरी बायका. त्यामुळे धर्माचा विषय सारखा निघायचा, आणि शाकाहारी माणसाचे बोटीवर जे हाल व्हायचे ते झालेच. धक्क्यावर मावशी वाट बघत उभ्या होत्या.

जूनपासून शरद ऋतूपर्यंत ती रोझेलला राहिली. माझ्या मते तिच्या आयुष्यातले हे सगळ्यात सुखाचे महिने. घरात मुली होत्या, त्यांच्यात ती पाहुणी न राहता मोठी बहीण होऊन गेली. आपलं जेवण, आपलं कुंकू, आपली साडी तिनं सोडली नाही, आणि सोड म्हणून त्या घरात कुणी मागे लागलं नाही. हे आपल्याला आज साधं वाटतं. पण तिला मदत करायला निघालेले बरेच लोक मनात धर्मांतराची आशा धरून होते, हे ध्यानात घेतलं की मावशींचं वेगळेपण कळतं. एकदा आनंदीनं मावशींच्या ओळखीपाळखीच्या मंडळींना आपल्या पद्धतीचं जेवण करून घातलं. जमिनीवर पंगत मांडली, बायकांना साड्या नेसवल्या. त्या अमेरिकन बायका मांडी घालून हातानं जेवताहेत, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून बघा! परक्या घरात आपल्याला कुणी स्वयंपाकघर सोपवलं की समजावं, आपण आता परके नाही. हे आपल्या बिल्डिंगमध्येही लागू आहे.

साडीवरून मात्र एक प्रकरण झालं. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, आणि तिथली थंडी काही विचारू नका. म्हणून आनंदीनं गुजराती पद्धतीनं साडी नेसायचं ठरवलं. त्यासाठी तिनं नवऱ्याकडे पत्रानं परवानगी मागितली. तिनं फोटो काढून पाठवला तर गोपाळरावांनी त्यातही खोड काढली. आता तर आपण व्हिडिओ कॉलवर लेकीचे कपडे बघून नाक मुरडतो, निदान तिला तिथल्या तिथे उत्तर देता येतं. या पोरीला पत्राचं उत्तर यायला महिने लागायचे, तोवर तो शब्द मनात घेऊन बसायचं. ती गरीब गाय नव्हती हेही सांगायला हवं. लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण तिनं नवऱ्याला पत्रातून स्पष्टपणे करून दिली आहे. एवढ्या लांब आल्यावर आणि मावशींचं घर पाठीशी असल्यावरच ते लिहायचं बळ आलं असावं, असं मला वाटतं.

ऑक्टोबरमध्ये ती फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाली. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. प्राचार्या डॉक्टर रेचेल बॉडली प्रेमळ होत्या, पण घर ते घर. अभ्यास, हातानं रांधणं आणि थंडी, तिन्हींचा भार त्या अशक्त शरीरावर पडला. सुट्टी लागली की तिचे पाय रोझेलकडे वळायचे. एरवी पत्रं होतीच.

१८८५ मध्ये गोपाळराव स्वतः अमेरिकेत येऊन पोचले. ज्या देशानं बायकोला शिकवलं त्याच देशात, तिथल्या लोकांना नावं ठेवणारी भाषणं देत ते फिरले. आनंदीला आणि तिच्या यजमानांना काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली. प्रबंध लिहिला होता हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. पदवीदान बघायला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. वय एकवीसही पुरं नव्हतं. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डाचं काम तिच्यासाठी ठरलं. पण क्षयानं शरीर पोखरलं होतं. ऑक्टोबरमध्ये बोटीत बसली, नोव्हेंबरमध्ये मुंबईला उतरली, आणि कोल्हापूरच्या त्या वॉर्डात ती एक दिवसही उभी राहिली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली. बावीस पुरी व्हायला महिनाभर बाकी होता.

नंतर तिच्या अस्थी अमेरिकेला पाठवल्या गेल्या. मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी इथं, आपल्या घरच्यांसाठी राखलेल्या दफनभूमीत ठेवल्या. कार्पेंटरांच्या त्या जागेत एका दगडावर आनंदीबाई जोशी हे नाव आहे, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थानाबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशी नोंद आहे. आपली जी मुलं तिकडे न्यूयॉर्कच्या बाजूला असतील, त्यांना सुट्टीच्या दिवशी तिथं जाता येईल.