जनीच्या जात्याचा दुसरा हात

येलदरीच्या धरणावरून परतताना सातवीतल्या नातीने विचारलं, की विठ्ठल खरंच जनाबाईला दळू लागला का? मी बँकेतला माणूस. आमच्या खतावणीत शब्दाला एकच अर्थ. म्हणून आधी तिला जनाबाईच सांगितली.

जनाबाई आपल्याच परभणी जिल्ह्यातली, गोदाकाठच्या गंगाखेडची. परंपरा सांगते, की वडिलांनी तिला लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी ठेवलं. दळण-कांडण, शेणगोठा, पाणी हेच तिचं आयुष्य. त्या घरचे नामदेव अभंग रचत. दासी जनीही रचू लागली. आज तिच्या नावावर ३००हून अधिक अभंग आहेत. १३५० साली ती गेली, असं मानतात.

जात्याला दुसरा हात लागतो. तिला तो नव्हता, म्हणून तिने तो विठ्ठलाचा मानला. हे रूपक. त्याच विठ्ठलाला ती शिव्याही घालते. नातीला तो राग वाटला. मी म्हटलं, शब्द नको, सूर ऐक. माणूस हक्काने भांडतो ते आपल्या माणसाशीच. त्या दासीला असं माणूस एकच होतं.

नातीने मग विचारलं, की माझ्या आईच्या जात्याला दुसरा हात कोणाचा होता? आई एकटीच दळायची. ओव्या मात्र समोर कुणी बसल्यासारख्या म्हणायची.