बाटल्या धुणारा पोरगा आणि आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा माळ्यावरून आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर खाली काढला. आजोबा गेल्यापासून तो बंदच होता. सोबत पंधरा-वीस तबकड्या. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे हे मला दुरुस्त करता येणारच, असा आजीचा ठाम समज. मला मात्र धाकधूक. वर्कशॉपमध्ये जॉब घासणं आणि व्हायवाला मान डोलावणं, एवढीच आपली इंजिनिअरिंग!

धीर करून थाळी उचलली. आत एक मोटर, तिच्या शाफ्टवर पायऱ्या-पायऱ्यांची छोटी पुली, एक रबरी चाक, बस्स. एवढ्या साध्या गोष्टीतून गाणं निघतं? ही तबकडी काढली कुणी? मला वाटायचं एडिसनने. शोधल्यावर निघाला एमिल बर्लिनर.

हा गडी २० मे १८५१ ला जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात जन्मला. ज्यू व्यापाऱ्याचं घर, तेरा भावंडं. चौदाव्या वर्षी शाळा संपली ती संपलीच. मग छापखान्यात उमेदवारी, कापडाच्या दुकानात कारकुनी. १८७० साली, एकोणिसाव्या वर्षी, अमेरिकेची बोट पकडली आणि वॉशिंग्टनला पोचून पुन्हा कापडाच्याच दुकानात लागला. पुढे न्यूयॉर्कला मिळेल ते काम केलं. त्यातलं एक म्हणजे फालबर्ग नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणं. ज्याने पुढे सॅकरिन शोधलं तोच हा फालबर्ग. दिवसा बाटल्या धुवायच्या आणि संध्याकाळी कूपर इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन विज्ञान शिकायचं. डिग्री अशी त्याच्याकडे नव्हतीच. हे वाचताना मला माझी लागलेली केटी आठवली आणि जरा बरं वाटलं.

१८७६ साली बेलचा टेलिफोन आला, पण त्यातून आवाज फार क्षीण यायचा. बर्लिनरने १८७७ मध्ये राहत्या खोलीत खटपट करून सैल स्पर्शावर चालणारा ट्रान्समीटर बनवला. बोलताना स्पर्शावरचा दाब बदलतो, त्याने रोध बदलतो, आणि रोध बदलला की करंट. बेलच्या कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले आणि त्यालाही नोकरीला ठेवलं. त्या पेटंटवरून पुढे वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली ती वेगळीच.

खरी गंमत त्यानंतर. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. त्यात सुई नळकांड्यावर खाली-वर हलत खोल-उथळ खाच पाडायची. आवाज साठायचा खरा, पण एका नळकांड्यावरून हजार नळकांडी काढायची सोय नव्हती. बर्लिनरने सुई आडवी हलवली. खाचेची खोली तीच, वळणं मात्र डावी-उजवी. १८८७ साली त्याने ग्रामोफोनचं पेटंट घेतलं आणि १६ मे १८८८ ला फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये चपट्या तबकडीचं प्रात्यक्षिक दाखवलं. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर, सुईने तो खरवडायचा, मग ॲसिडने तेवढीच रेघ खोदायची. त्या पत्र्यावर इलेक्ट्रोप्लेटिंग करून उलटा साचा काढला की चालला छापखाना! आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने आवाजाची डाय बनवली.

तबकड्या आधी कडक रबराच्या होत्या, त्या नीट दाबल्या जायच्या नाहीत. १८९५ च्या सुमारास शेलॅकचं मिश्रण आलं. शेलॅक म्हणजे लाख, आणि जगाला ती मुख्यतः भारतातूनच जायची.

दुसरी अडचण वेगाची. सुरुवातीचं यंत्र हाताने फिरवायचं, हात दमला की गायकही दमायचा. कॅम्डनच्या एल्ड्रिज जॉन्सन या कारागिराने १८९६ मध्ये स्प्रिंगची मोटर जमवून दिली.

माझं घोडंही इथेच अडलं होतं. बेअरिंगमधलं वाळून मेणासारखं झालेलं ग्रीस काढलं, नवं तेल दिलं, तरी गाणं बोटीत बसल्यासारखं डुलायचं. दोष रबरी चाकात होता. वर्षानुवर्षं एकाच जागी पुलीला दाबून राहिल्याने त्याला खड्डा पडलेला. चाक ड्रिलमध्ये धरून बारीक पॉलिशपेपरने गोल केलं. आता व्यास कमी झाला म्हणजे वेग बदलणार, या विचाराने रात्रभर झोप नाही. सकाळी डोक्यात ट्यूब पेटली, अरे, हा तर आयडलर! थिअरी ऑफ मशीन्समध्ये लिहून आलो होतो की आयडलरच्या मापाने व्हेलॉसिटी रेशो बदलत नाही. पेपरात मार्क मिळाले होते, समजलं आत्ता.

बर्लिनरचं यंत्र सुधारलं आणि त्याच वेळी धंदा हातचा गेला. अमेरिकेतली विक्री ज्याच्याकडे सोपवली होती त्या सीमनने प्रतिस्पर्धी माल काढला, कज्जा झाला, आणि १९०० साली कोर्टाच्या मनाईमुळे बर्लिनरलाच अमेरिकेत स्वतःचा ग्रामोफोन विकता येईना. तो कॅनडात माँट्रियलला गेला. अमेरिकेत पुढे, १९०१ मध्ये, जॉन्सनने व्हिक्टर कंपनी काढली. पण तबकडी एव्हाना लंडन आणि हॅनोव्हरला पोचली होती. बर्लिनरच्याच हाताखाली तयार झालेला गैसबर्ग १९०२ मध्ये लंडनच्या कंपनीतर्फे कलकत्त्याला आला आणि गौहर जान यांचं गाणं तबकडीवर उतरलं. त्या तबकड्या छापल्या गेल्या हॅनोव्हरमध्ये, बर्लिनरच्या जन्मगावी.

नंतर तो आणखी वेगळ्याच कामाला लागला. घरात लहान मुलीचं आजारपण झालं आणि मुलांना पाजायचं दूध तापवून निर्जंतुक करा, म्हणून त्याने वॉशिंग्टनमध्ये मोहीम उघडली. मुलगा हेन्रीबरोबर हेलिकॉप्टरचे प्रयोग केले. ३ ऑगस्ट १९२९ ला तो वारला. वय अठ्ठ्याहत्तर, जुन्या तबकडीच्या वेगाइतकं! विनाईलची एलपी आली १९४८ मध्ये, ती त्याने पाहिलीच नाही. पण तिच्यातही सुई आडवीच हलते.

वेग तपासायला कागदाची चकती केली. ५० हर्ट्झवर चोकवाली ट्यूबलाईट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणजे मिनिटाला ६०००. भागिले ३३⅓, उत्तर १८०. एकशे ऐंशी रेघा आखल्या, चकती थाळीवर ठेवली, आणि ट्यूबखाली रेघा जागच्या जागी थांबल्या! आधी एलपी लावून बघितली. मग कार्ट्रिजचा खटका जाड सुईकडे फिरवला आणि आजोबांची लाखेची तबकडी जपून ठेवली. फुटली असती तर दुसरी कुठून आणणार?

खरखर झाली, मग गाणं सुरू झालं. आजी स्वयंपाकघरातून आली आणि दारातच उभी राहिली. बाजू संपल्यावर तिने हात पदराला पुसले, तबकडी स्वतः उलटली आणि सुई ठेवली. हात अजिबात थरथरला नाही. तेव्हा कळलं, हा प्लेअर आजोबांचा म्हणतात, पण लावायची तीच.