राजवाड्यातून मतपेटीकडे : बडोद्याचे फत्तेसिंहराव गायकवाड

वडोदरा : गुजरातेतल्या या शहराला मराठी माणूस आजही बडोदे म्हणतो. १ मे १९६० रोजी भाषेच्या पायावर महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि बडोदे गुजरातेत गेले. पण त्याआधी आणि त्यानंतरही या गुजराती शहराने एका मराठी घराण्यातल्या माणसाला लोकसभेत पाठवले, तेही एकदा नव्हे, चार वेळा. ते म्हणजे फत्तेसिंहराव गायकवाड.

त्यांचा जन्म २ एप्रिल १९३० चा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसलेले महाराजा सयाजीराव हे त्यांचे पणजोबा. राजपुत्र म्हणून वाढलेल्या या मुलाच्या वाट्याला राज्य मात्र आलेच नाही. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांचे वडील प्रतापसिंहराव यांची महाराजा म्हणून असलेली मान्यता काढून घेतली आणि एकविसाव्या वर्षी फत्तेसिंहराव महाराजा झाले. पदवी होती, तनखा होता, लक्ष्मी विलास राजवाडा होता. सत्ता तेवढी नव्हती.

अशा वेळी अनेक संस्थानिक वाड्यात बसून राहिले. फत्तेसिंहराव मत मागायला बाहेर पडले. १९५७ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर ते लोकसभेत गेले, संरक्षण खात्याचे संसदीय सचिव झाले. १९६२ मध्ये पुन्हा निवडून आले. १९६७ मध्ये ते गुजरात विधानसभेत गेले आणि राज्यात मंत्री झाले. आरोग्य, मत्स्योद्योग आणि तुरुंग अशी खाती त्यांच्याकडे होती. ज्यांच्या पूर्वजांनी तुरुंग बांधले, त्यांच्या वारसाला आता त्याच कारभाराचा जाब विधानसभेत द्यावा लागत होता.

खरी कसोटी लागली १९७१ साली. काँग्रेस फुटली होती आणि देशात इंदिरा गांधींची लाट होती. फत्तेसिंहराव विरोधातल्या संघटना काँग्रेसकडून उभे राहिले आणि बडोद्यातून निवडून आले. त्याच वर्षाच्या अखेरीस २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि पदव्या गेल्या. कागदावरचे महाराजपद संपले, खासदारकी मात्र राहिली. पुढे १९७७ मध्ये वारे उलटे फिरले. देशभर जनता पक्षाची सरशी झाली, तेव्हा ते काँग्रेसचे उमेदवार होते. तरीही जिंकले. दोन्ही वेळा देशाचा कल एकीकडे आणि बडोद्याचा कौल त्यांच्याकडे!

राजकारणाइतकाच त्यांना क्रिकेटचा नाद. रणजी सामन्यांत ते बडोद्याकडून खेळले. १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघाचे व्यवस्थापक होते आणि १९६३ मध्ये, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. सयाजीराव विद्यापीठाचे कुलपतिपद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. राजा रविवर्म्याची चित्रे आणि घराण्याचा कलासंग्रह त्यांच्याच नावाच्या संग्रहालयातून सामान्यांना पाहायला खुला झाला. वन्यजीव संरक्षणाच्या कामातही ते पुढे होते. पणजोबांचे चरित्र त्यांनी इंग्रजीत लिहिले.

१ सप्टेंबर १९८८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांना मूलबाळ नव्हते. वारसा धाकटे बंधू रणजितसिंह यांच्याकडे गेला. तेही १९८० पासून बडोद्याचे खासदार होते.

राजघराण्याचे नाव कामाला आले, हे उघड आहे. पण नुसत्या नावावर दरवेळी निवडून येता येत नाही. १९७१ नंतर तर ती पदवीही उरली नव्हती. सीमेच्या दोन्ही बाजूंना भाषेवरून माणूस आपला की परका ठरवणाऱ्यांनी बडोद्याची ही गोष्ट जरूर आठवावी. मतदार गुजराती होता, उमेदवार मराठी होता, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.